जिवाणूजन्य मेनिन्जायटिसवरील वैद्यकीय संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे रुग्णांचे नातेवाईक, वैद्यकीय व परिचर्या अभ्यासक्रमांचे विद्यार्थी आणि या विषयाबद्दल कुतूहल असणारे वाचक यांच्यासाठी लिहिली आहेत. ती उपचारांचा सल्ला म्हणून वाचू नयेत. ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणे आणि गुंगी यांपैकी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसत असतील, तर हे पान बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे.

जिवाणूजन्य मेनिन्जायटिस म्हणजे नेमके काय? त्यालाच मेंदूज्वर म्हणतात का?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात आणि त्यांतील आतल्या दोन आवरणांच्या मधून पाण्यासारखा नितळ द्रव सतत खेळत असतो. या आवरणांना आणि द्रवाला जिवाणूंचा संसर्ग होऊन दाह निर्माण झाला की त्या आजाराला जिवाणूजन्य मेनिन्जायटिस म्हणतात; पाठ्यपुस्तकांत त्यासाठी ‘मस्तिष्कावरणदाह’ हा शब्द आढळतो. ‘मेंदूज्वर’ हा शब्द मात्र सैल आहे. तो मेंदूच्या गाभ्यालाच होणाऱ्या विषाणूजन्य दाहासाठीही वापरला जातो आणि त्या आजाराचे कारण, उपचार व लस हे सर्व वेगळे असते. म्हणून येथे तो शब्द टाळला आहे. क्षयाच्या जिवाणूमुळे होणारा मेनिन्जायटिसही जिवाणूजन्यच असला, तरी तो आठवड्यांच्या गतीने वाढतो आणि त्यावरील संशोधनाची शाखा स्वतंत्र आहे. त्याचा विचार येथे केलेला नाही.

तो कोणत्या जिवाणूंमुळे होतो?

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी, म्हणजेच ‘हिब’, हे तीन प्रमुख जिवाणू होत. नवजात बालकांमध्ये गट बी स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलाय हे अधिक आढळतात, तर वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींमध्ये लिस्टेरियाचा विचार करावा लागतो. हिबच्या नावातील ‘इन्फ्लुएन्झा’ ही एका जुन्या चुकीची खूण आहे. १८९२ मध्ये फ्लूच्या साथीत हा जिवाणू सापडला, तेव्हा तोच फ्लूचे कारण असल्याचा समज झाला. पुढे समज गेला, नाव मात्र राहिले.

नाका-घशात हे जिवाणू असणारे लोक पुष्कळ असतात, मग आजार इतक्या थोड्यांनाच का होतो?

या प्रश्नाने संशोधनाला फार मोठी दिशा दिली. कोणत्याही वेळी दर दहा व्यक्तींपैकी साधारण एकीच्या घशात मेनिंगोकोकस निरुपद्रवीपणे वसलेला असू शकतो. अमेरिकेतील फोर्ट डिक्स येथील लष्करी तळावर १९६७-६८ च्या हिवाळ्यात नव्याने भरती झालेल्या जवानांचे रक्तनमुने आजारापूर्वीच घेऊन ठेवण्यात आले होते. पुढे ज्यांना मेनिंगोकोकसचा आजार झाला, त्यांच्या ५४ नमुन्यांपैकी केवळ ३ नमुन्यांत त्या जिवाणूला मारण्याची क्षमता होती. आजारी न पडलेल्या जवानांच्या ५४० नमुन्यांपैकी ४४४ मध्ये ती होती. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक म्हणजे संरक्षण देणारा घटक रक्तात मोजता येतो, आणि दुसरी म्हणजे तो घटक लसीने निर्माण करता आला तर आजार टाळता येईल. मेनिंगोकोकसच्या नव्या लसी तपासताना आजही मुख्यतः हीच कसोटी लावली जाते, कारण आजार इतका विरळ आहे की प्रत्येक लसीसाठी प्रत्यक्ष रुग्ण मोजत बसणे शक्य नसते.

आनुवंशिकतेचाही त्यात वाटा आहे. रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांच्या साखळीत जन्मजात उणीव असणाऱ्यांना मेनिंगोकोकसचा आजार वारंवार होऊ शकतो.

मेंदूचे नुकसान जिवाणू करतात की आपलीच प्रतिकारशक्ती?

दोन्ही. मेंदूभोवतीच्या द्रवात प्रतिपिंडे आणि कॉम्प्लिमेंट अत्यल्प असतात, त्यामुळे तेथे पोहोचलेले जिवाणू प्रारंभी जवळजवळ बिनविरोध वाढतात. नंतर रक्तातील पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने आत शिरतात, सूज वाढते, कवटीच्या बंदिस्त जागेत दाब चढतो आणि रक्तवाहिन्या आकसल्याने किंवा त्यांत गुठळ्या झाल्याने मेंदूच्या काही भागांचा रक्तपुरवठा तुटतो. १९८० च्या दशकात सशांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की जिवंत जिवाणू नसतानाही, न्यूमोकोकसच्या पेशीभित्तिकेचे नुसते तुकडे द्रवात सोडले तरी तीव्र दाह उसळतो. त्यातून एक अडचणीचा निष्कर्ष निघाला : जिवाणूंच्या भिंती फोडून त्यांना मारणारे प्रतिजैविक तेच तुकडे एकदम मोकळे करते, म्हणजे औषध योग्य असूनही पहिल्या डोसानंतर काही काळ दाह वाढू शकतो.

म्हणूनच स्टेरॉइड देतात का? त्याबद्दल तज्ज्ञांत मतभेद का दिसतात?

होय, स्टेरॉइड दाह शमवते, म्हणून तर्क तोच आहे. पण तर्क पुरेसा नसतो हे ज्या विषयात सर्वांत ठळकपणे दिसले तो हाच. १९८८ मध्ये मुलांवरील चाचण्यांत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे बहिरेपण कमी होत असल्याचे आढळले. प्रौढांमधील महत्त्वाची चाचणी नेदरलँड्समधील संशोधकांच्या नेतृत्वाखाली युरोपातील पाच देशांत झाली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३०१ रुग्ण होते. प्रतिजैविकाच्या आधी किंवा सोबत डेक्सामेथासोन दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ७ टक्के होते, तर औषधाविना असलेल्या गटात १५ टक्के. न्यूमोकोकसच्या रुग्णांत तर हा फरक १४ आणि ३४ टक्के इतका मोठा होता. त्यानंतर अनेक देशांतील उपचारपद्धती बदलली.

त्याच सुमारास आफ्रिकेतील मलावीमध्ये मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण सारखेच, सुमारे ३१ टक्के, निघाले. २००७ मध्ये तेथीलच ४६५ प्रौढांच्या चाचणीत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५६ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ५३ टक्के रुग्ण दगावले. त्याच वर्षी व्हिएतनाममधील ४३५ रुग्णांच्या चाचणीत, ज्यांचा जिवाणूजन्य आजार प्रयोगशाळेत सिद्ध झाला त्यांना फायदा झाल्याचे दिसले. एकच औषध, एकच आजार आणि उत्तरे तीन. मलावीतील प्रौढ रुग्णांपैकी बहुतेकांना एचआयव्हीचा संसर्ग होता, अनेकजण उशिरा दाखल झाले होते आणि अतिदक्षतेच्या सोयी मर्यादित होत्या. हा फरक यांपैकी नेमका कशामुळे पडला याचे एकमुखी उत्तर नाही. पाच चाचण्यांतील २०२९ रुग्णांच्या वैयक्तिक नोंदी एकत्र करून २०१० मध्ये केलेल्या विश्लेषणात मृत्यूंमध्ये ठोस फरक आढळला नाही, वाचलेल्यांत बहिरेपण मात्र कमी दिसले.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे ‘स्टेरॉइड चांगले की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या रुग्णाला, कोणत्या जिवाणूसाठी, किती लवकर आणि कोणत्या सोयी असलेल्या रुग्णालयात, असे विचारले तरच या चाचण्या परस्परविरोधी वाटत नाहीत.

स्टेरॉइडखेरीज इतर पूरक उपचार तपासले गेले आहेत का?

गेले आहेत, आणि त्यांची कहाणी सावध करणारी आहे. ग्लिसरॉल हे स्वस्त, तोंडाने देता येणारे आणि मेंदूवरील दाब कमी करील असे मानले गेलेले औषध. लॅटिन अमेरिकेतील मुलांवरील एका चाचणीने आशा निर्माण केली. पण मलावीतील प्रौढांमध्ये ते दिलेल्या गटात ६३ टक्के, तर न दिलेल्या गटात ४९ टक्के मृत्यू झाल्याने ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. फ्रान्समध्ये अतिगंभीर रुग्णांचे शरीर थंड करून मेंदूला जपण्याचा प्रयोग झाला. ९८ रुग्णांनंतर तोही बंद करण्यात आला, कारण थंड केलेल्या गटात ५१ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ३१ टक्के मृत्यू झाले होते. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही कल्पना कागदावर अगदी सुसंगत होत्या. चाचणी न करताच त्या रूढ झाल्या असत्या, तर त्यांनी केलेले नुकसान आजाराच्याच खाती जमा झाले असते.

पाठीतून पाणी काढणे खरोखर आवश्यक असते का? त्याची भीती वाटते.

भीती समजण्यासारखी आहे, परंतु निदानाचा तो पाया आहे. १८९१ मध्ये हाइनरिश क्विंके यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तिला आजही पूर्ण पर्याय सापडलेला नाही. सुई मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खालच्या मणक्यांमधून घातली जाते, त्यामुळे मज्जारज्जूला इजा होईल ही सर्वसामान्य शंका निराधार आहे. जिवाणूजन्य आजारात हे पाणी, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव, बहुधा गढूळ असते, त्यात पांढऱ्या पेशी हजाराच्या घरात सापडतात, साखर घटलेली आणि प्रथिने वाढलेली असतात.

नुसत्या तपासणीने निदान का होत नाही, हेही विचारले जाते. नेदरलँड्समध्ये प्रौढांच्या ६९६ आजारप्रसंगांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ताप, मान आखडणे आणि शुद्धीत बदल ही पुस्तकी त्रयी केवळ ४४ टक्के प्रसंगांत एकत्र आढळली. डोकेदुखी धरून चार लक्षणांपैकी किमान दोन मात्र ९५ टक्के प्रसंगांत होती. पाय किंवा मान वाकवून पाहिली जाणारी कर्निग आणि ब्रुडझिन्स्की यांची चिन्हे तर आणखी दगा देतात. २००२ मधील २९७ प्रौढांच्या अभ्यासात त्यांनी शंभर रुग्णांमागे जेमतेम पाच ओळखले. शंभर वर्षांहून अधिक काळ परीक्षांत विचारली जाणारी ही चिन्हे नसली म्हणून आजार नाही, असे मानता येत नाही.

आधी सीटी स्कॅन का करतात?

मेंदूत गाठ किंवा मोठी सूज असताना पाणी काढणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून काही ठराविक रुग्णांत स्कॅन आवश्यक असतो. सरसकट सर्वांना नव्हे. स्कॅनसाठी थांबणे अपरिहार्य असेल, तर रक्तनमुना घेऊन प्रतिजैविक लगेच सुरू करावे, यावर आता एकमत आहे, कारण उपचारांना झालेला उशीर आणि मृत्यू यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. स्वीडनने २००९ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत केवळ शुद्ध कमी आहे एवढ्यावरून पाणी काढणे लांबवू नये असा बदल केला. त्यानंतर उपचार लवकर सुरू होऊ लागल्याचे आणि परिणाम सुधारल्याचे तेथील नोंदींत आढळले.

नव्या जनुकीय चाचण्यांमुळे निदान सोपे झाले आहे का?

वेगवान झाले आहे. पीसीआर चाचणी मृत जिवाणूंचाही डीएनए ओळखते, त्यामुळे प्रतिजैविक आधीच दिले गेले असले तरी उत्तर मिळू शकते. २०१५ पासून उपलब्ध असलेला एक संच साधारण तासाभरात १४ रोगकारकांचा शोध घेतो. मात्र कोणते औषध त्या जिवाणूवर चालेल हे असा संच सांगत नाही. त्यासाठी जिवाणू वाढवून पाहणे, म्हणजे कल्चर, अजून लागतेच.

नमुन्यातील सर्व जनुकीय द्रव्य एकगठ्ठा वाचण्याच्या पद्धतीबद्दल मोठे दावे केले जातात. २०१९ मध्ये अमेरिकेतील २०४ रुग्णांवरील अभ्यासात मेंदू व मज्जासंस्थेचे ५८ संसर्ग सापडले. त्यांपैकी १३ केवळ या पद्धतीने कळले, पण २६ या पद्धतीतून निसटले आणि इतर चाचण्यांनी ओळखले गेले. दुसरा आकडा मथळ्यांत क्वचितच येतो.

प्रतिजैविके किती दिवस द्यावी लागतात, आणि ती निकामी होत आहेत का?

कालावधी जिवाणूनुसार ठरतो : मेनिंगोकोकससाठी साधारण आठवडा, न्यूमोकोकससाठी दहा ते चौदा दिवस, लिस्टेरियासाठी तीन आठवडे किंवा अधिक. हे आकडे बहुतांशी परंपरेने आले आहेत. ते प्रत्यक्ष तपासणारी मोठी चाचणी मलावी, इजिप्त, पाकिस्तान, बांगलादेश आणि व्हिएतनाम या देशांत हजाराहून अधिक मुलांवर झाली. पाचव्या दिवशी प्रकृती स्थिर असलेल्या मुलांमध्ये सेफ्ट्रायाक्सोन हे प्रतिजैविक तेथेच थांबवणे आणि दहा दिवस चालू ठेवणे यांचे परिणाम सारखेच निघाले. खाटांची टंचाई असलेल्या रुग्णालयांसाठी हा निष्कर्ष अमूल्य आहे.

न्यूमोकोकसमध्ये पेनिसिलीनला आणि काही प्रमाणात सेफालोस्पोरिन गटाला प्रतिरोध वाढल्यामुळे अनेक ठिकाणी सुरुवातीस व्हॅन्कोमायसिनची जोड दिली जाते. लिस्टेरियावर सेफालोस्पोरिन मुळातच चालत नाही. म्हणून वयस्क रुग्णाला अँपिसिलिनही दिले जाते.

प्रतिजैविकांपूर्वी काय होते, असे कुतूहल असणाऱ्यांसाठी एक टिपण. न्यूयॉर्कमधील सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्यांपासून मिळवलेल्या प्रतिरक्षी द्रवाने केलेल्या उपचारांचा सुमारे १३०० रुग्णांचा अहवाल १९१३ मध्ये मांडला. त्यात मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होते, जेव्हा एरवी दहापैकी सात-आठ रुग्ण दगावत असत.

लसींचा एवढा गौरव का केला जातो?

कारण या आजारात सर्वांत मोठे यश खाटेपाशी नव्हे, तर खाट लागण्याआधीच मिळाले. हिब, न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस या तिघांभोवती साखरेच्या साखळ्यांचे वेष्टन असते. त्या शर्करेची लस मोठ्यांमध्ये चालते, पण दोन वर्षांखालील मुलांची प्रतिकारयंत्रणा नुसत्या शर्करेला नीट प्रतिसाद देत नाही, आणि धोका तर त्यांनाच सर्वाधिक. शर्करेला प्रथिनाची जोड दिली तर प्रतिसाद बदलतो, हे एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ च्या सुमारास सशांमध्ये दाखवले होते. त्याचा लसीसाठी उपयोग व्हायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. जॉन रॉबिन्स व रेचेल श्नीअरसन आणि डेव्हिड स्मिथ व पोर्टर अँडरसन या दोन जोड्यांनी हिबची संयुग्मित, म्हणजे शर्करेला प्रथिन जोडलेली, लस घडवली. १९९६ मध्ये त्यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. लसीपूर्वी अमेरिकेत पाच वर्षांखालील सुमारे २० हजार मुलांना दरवर्षी हिबचा गंभीर आजार होत असे. ते प्रमाण ९९ टक्क्यांनी घटले.

या लसींचा दुसरा गुण संशोधकांनाही काहीसा अनपेक्षित होता. त्या घशातील जिवाणूंचे वास्तव्यच कमी करतात, त्यामुळे लस न घेतलेल्यांनाही आडोसा मिळतो. न्यूमोकोकसबाबत मात्र यश अपुरे आहे. त्याचे शंभराहून अधिक उपप्रकार असून लसीतील प्रकार मागे हटले की लसीबाहेरचे पुढे सरकतात, आणि लसीतील प्रकारांची संख्या सातवरून तेरा, पुढे वीस अशी वाढवत न्यावी लागते.

मेनिंगोकोकस बीची लस यायला इतका उशीर का झाला?

वेष्टनातील शर्करेनुसार मेनिंगोकोकसचे ए, बी, सी असे गट पडतात; त्यांतील बी गटाची शर्करा मानवी चेतापेशींवरील शर्करेशी मिळतीजुळती असते. शरीर तिला आपलीच मानते, आणि मानले नाही तर स्वतःवरच हल्ला होण्याचा धोका. रिनो राप्पुओली आणि सहकाऱ्यांनी मार्ग उलटा धरला : जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच आधी वाचायचा आणि पृष्ठभागावर कोणती प्रथिने असू शकतील हे संगणकावर शोधायचे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सुमारे सहाशे उमेदवारांतून चाळत चाळत मोजकी प्रथिने निवडली गेली. त्यांतून घडलेल्या लसीला युरोपात २०१३ मध्ये परवानगी मिळाली आणि ब्रिटनने २०१५ मध्ये ती तान्ह्या मुलांच्या लसीकरणात घेतली. ती घशातील वास्तव्य मात्र फारसे कमी करत नाही. जाता जाता एक विलक्षण धागा : न्यूझीलंडमधील जुन्या बी-लसीनंतर गनोरिया या लैंगिक आजाराचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांनी कमी दिसल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही जिवाणू जवळचे नातलग आहेत.

आफ्रिकेतील ‘मेनिन्जायटिस पट्टा’ म्हणजे काय?

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेला हा प्रदेश. कोरड्या, धुळीच्या ऋतूत तेथे साथी उसळतात. १९९६-९७ मधील साथीत अडीच लाखांवर रुग्ण आणि २५ हजार मृत्यू नोंदले गेले. त्या साथींचे मुख्य कारण मेनिंगोकोकसचा गट ए होता; श्रीमंत देशांत त्याचा प्रश्न उरलेला नसल्याने त्याच्या संयुग्मित लसीत कंपन्यांना रस नव्हता. म्हणून २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी प्रकल्प उभारला, पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादन केले आणि डोसाची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवण्यात आली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. ही लस चार दिवसांपर्यंत ४० अंश सेल्सियस तापमानात टिकते, ही बाब शीतपेट्या न पोहोचणाऱ्या गावांत निर्णायक ठरली. चाडमध्ये लसीकरण झालेल्या भागांत आजाराचे प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी आढळले. गट ए हटला, तरी सी, डब्ल्यू आणि एक्स यांच्या साथी येत राहिल्या. म्हणून पाच गटांविरुद्धची लस तयार झाली, तिला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती प्रथम वापरात आणली.

रुग्ण बेशुद्ध असताना संशोधनासाठी संमती कोण देते?

सामान्यतः जवळचे नातेवाईक. काही देशांत नैतिकता समितीच्या परवानगीने उपचार आधी आणि संमती नंतर अशीही तरतूद असते. हा प्रश्न केवळ कागदोपत्री नाही. १९९६ च्या साथीत नायजेरियातील कानो येथे फायझर कंपनीने ट्रोव्हाफ्लॉक्सासिन या नव्या प्रतिजैविकाची प्रचलित औषधाशी तुलना करणारी चाचणी सुमारे २०० मुलांवर केली. दोन्ही गट मिळून ११ मुले दगावली. पालकांची संमती खरोखर घेतली होती का यावर वर्षानुवर्षे खटले चालले आणि २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरचा समझोता झाला. साथीच्या गर्दीत, भेदरलेल्या पालकांपुढे कागद ठेवणे म्हणजे संमती घेणे नव्हे.

नवजात बालकांसाठी काय चालू आहे?

गट बी स्ट्रेप्टोकोकस असलेल्या मातेला प्रसूतीच्या वेळी प्रतिजैविक दिल्यास पहिल्या आठवड्यातील आजार टळतो, त्यानंतरचा नाही. म्हणून गर्भारपणात द्यावयाच्या लसीवर काम सुरू आहे. सहा प्रकारांविरुद्धच्या एका लसीचे दक्षिण आफ्रिकेतील निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

बरे झाल्यावर कोणती काळजी घ्यावी?

श्रवणाची तपासणी शक्यतो घरी सोडण्यापूर्वी, किंवा त्यानंतर चार आठवड्यांच्या आत करून घ्यावी. आतल्या कानातील शंखाकृती पोकळी दाहानंतर हाडासारखी भरून येऊ लागली, तर श्रवणयंत्र शस्त्रक्रियेने बसवणे अवघड होते. त्यामुळे ‘मूल अजून अशक्त आहे, सहा महिन्यांनी पाहू’ ही सवलत येथे परवडत नाही. फेफरे, शिकण्यातील अडचणी आणि वागण्यातील बदल उशिरानेही दिसू शकतात, म्हणून शाळेलाही आजाराची कल्पना द्यावी.

२०३० चे उद्दिष्ट काय आहे?

२०१९ मध्ये जगभरात सर्व प्रकारच्या मेनिन्जायटिसचे सुमारे २५ लाख रुग्ण आणि २ लाख ३६ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य सभेने मंजूर केलेल्या आराखड्यात जिवाणूजन्य साथी संपवणे, लसीने टाळता येणारे रुग्ण निम्म्याने आणि मृत्यू ७० टक्क्यांनी घटवणे, तसेच अपंगत्व कमी करणे ही उद्दिष्टे आहेत. ती गाठली की नाही हे ठरवण्यासाठी रुग्ण मोजावे लागतील, आणि मोजण्यासाठी पाठीतून पाणी काढून ते तपासणारी प्रयोगशाळा जवळ लागेल. ज्या भागांत आजार सर्वाधिक आहे, तेथेच ती बहुधा नसते.